‘स्टेक लँड’: कमी पैशातला व्हॅम्पायरपट, आणि मारामारीच्या आधी दाखवायची एक गोष्ट

नमस्कार मंडळी. ‘ताई, स्टेक लँडवर कधी बोलणार?’ लो-बजेट हॉररवरचा व्हिडिओ टाकल्यापासून कॉमेंटमध्ये हा प्रश्न थांबतच नाहीये. विचारणाऱ्यांत बरेच जण स्वतः शॉर्ट फिल्म करणारे आहेत. कुणी कोल्हापूरचं, कुणी नांदेडचं, एक जण तर दुबईतून लिहितोय. सगळ्यांचं म्हणणं एकच: पैसे नाहीत, पण जग बुडाल्यानंतरची गोष्ट करायचीय, मारामारीसकट. म्हणून आज हा सिनेमा. गोष्ट थोडी उघड होणार आहे, ज्यांना कोरा बघायचाय त्यांनी आधी बघून या.

प्राथमिक माहिती पटकन उरकते. साल २०१०. दिग्दर्शक जिम मिकल. लेखन मिकल आणि निक डॅमिची यांचं, आणि हाच डॅमिची त्यात ‘मिस्टर’ नावाचा व्हॅम्पायर मारणारा माणूस झालाय. खर्च साधारण साडेसहा लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबात काहीच नाही. टोरांटोच्या महोत्सवात ‘मिडनाइट मॅडनेस’ विभागातलं प्रेक्षकांचं पारितोषिक याला मिळालं. गोष्ट अशी: अमेरिकेत व्हॅम्पायरची साथ आलीय, सरकार संपलंय. मार्टिन नावाच्या पोराचं अख्खं कुटुंब मारलं जातं, मिस्टर त्याला वाचवतो आणि दोघं गाडीतून उत्तरेला, ‘न्यू ईडन’कडे, म्हणजे कॅनडाकडे निघतात. वाटेत एक नन भेटते. ‘टॉप गन’मधली केली मॅकगिलिस आठवते? तीच. शिवाय एक गरोदर मुलगी आणि एक माजी सैनिक. आणि ‘ब्रदरहुड’ नावाची एक धर्मवेडी टोळी, जी व्हॅम्पायरना देवाचं काम समजते. बस, एवढं पुरे.

कॅमेरा कोणता, लेन्स कोणती, हे मी आज सांगणार नाही. दर व्हिडिओखाली हा प्रश्न येतो, आणि तुमचा सिनेमा लेन्समुळे अडलेला नसतो.

जग बुडालेलं कसं दाखवलं, यावर मात्र दोन मिनिटं देते. त्यांनी बुडालेलं शहर दाखवलंच नाही. वॉशिंग्टन पडलं हे आपल्याला सांगितलं जातं, दाखवलं जात नाही. दिसतात ते पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क राज्यातले रिकामे रस्ते, पडीक घरं, जंगल, गावाबाहेर पोरं पहारा देतायत अशी नाकी. मिकल स्वतः पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सटाउनचा, त्यामुळे हा मुलूख त्याच्या ओळखीचा. चित्रीकरण मध्ये खंड ठेवून दोन टप्प्यांत केलं, म्हणून सिनेमात पानगळीपासून कडाक्याच्या थंडीपर्यंतचा ऋतुबदल खराखुरा आहे. प्रवास लांबचा वाटतो तो त्यामुळे. ऋतू फुकट मिळतो हो! धीर तेवढा लागतो.

आणि छोट्या वस्तू. मिस्टर मारलेल्या व्हॅम्पायरचे सुळे काढून ठेवतो. वस्तीत त्या सुळ्यांना किंमत आहे. पैसा संपलेल्या जगात काय चालतं, हे मूठभर दातांमध्ये कळून जातं. त्यासाठी ना व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर केलेली दृश्यं, लागली, ना संवादांचं पान.

आता ज्यासाठी खरं तर हा व्हिडिओ करतेय, तिकडे येते. कमी पैशातल्या ॲक्शनमध्ये जवळजवळ सगळे एकाच ठिकाणी आपटतात. मारामारी सुरू होण्याआधी जागा दाखवत नाहीत. दार कुठे, भिंत कुठे, पळायला वाट कुठे, माणूस कुठल्या बाजूला उभा आहे, काहीच नाही. थेट किंचाळणं आणि हलता कॅमेरा.

‘स्टेक लँड’मध्ये एक तटबंद वस्ती आहे. बाहेरचे लोक तिथे पोचतात, रात्री गाणं-नाच चाललाय, माणसं बऱ्याच दिवसांनी हसतायत. कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. आपल्याला कळतं की इथे नाका आहे, इथे पहारा आहे, म्हणजे बाहेरून काही येणार असेल तर ते इथूनच येईल. आणि मग ब्रदरहुडवाले हेलिकॉप्टरमधून जिवंत व्हॅम्पायर खाली टाकतात. वरून! तटबंदी जागच्या जागी शाबूत, पहारेकरी बाहेर बघत उभे, आणि मरण मात्र नाचणाऱ्या लोकांच्या मधोमध पडतं. कॅमेरा या सगळ्यात घाईघाईने कट न करता लांबलचक शॉटमध्ये माणसांबरोबर राहतो. हा धक्का बसतो कारण ती तटबंदी आपण आधी पाहिलेली असते. तीच पाहिली नसती, तर चार माणसं पडली नि चार पळाली, एवढंच दिसलं असतं.

हेच पैशाच्या बाजूने बघा. एक शांत, रुंद शॉट घ्यायला काय लागतं? कॅमेरा ठेवायला जागा आणि दहा मिनिटं. स्टंटमन लागत नाही, रक्त लागत नाही, मेकअप लागत नाही. अख्ख्या सीक्वेन्समधला सगळ्यात स्वस्त शॉट हाच. तरी दिवस संपत आला की पहिला कापला जातो तोही हाच. ‘मारामारीचे शॉट आधी उरकू या’, असं म्हणतात. अहो, ज्या मारामारीत कोण कुठे आहे ते कळत नाही, तिच्यावर घातलेला सगळा खर्च पाण्यात जातो.

आणि आता माझ्या टेबलावरून सांगते, कारण एडिटिंग हेच माझं काम. मध्यंतरी इचलकरंजीकडची एक शॉर्ट फिल्म माझ्याकडे आली. बंद सूतगिरणीत शूट केलेली. लोकेशन इतकं सुंदर की बघतच राहावं: वरच्या फुटक्या काचांमधून ऊन येतंय, फरशीवर कापसाचा जुना केर तसाच. फुटेज टाइमलाइनवर घेतलं. एका शॉटमध्ये पोरगा डावीकडे पळतो, पुढच्या शॉटमध्ये पिशाच्चही डावीकडेच पळतं. मग दोघं समोरासमोर कसे आले? सलग कितीही लावलं तरी कळेना. दिग्दर्शक मुलगा गुणी, त्याला म्हटलं, परत जा आणि मला एकच शॉट आण. ज्यात फाटक, मधलं पटांगण आणि मागचा जिना एकत्र दिसेल असा. तो गेला, मित्राच्या गच्चीवरून शॉट घेऊन आला. मारामारीच्या आधी तो फक्त काही सेकंद ठेवला. बाकी एक फ्रेम बदलली नाही. त्यानंतर पोरगा जिन्याकडे वळला की बघणारा आपोआप म्हणायला लागला, ‘अरे, तिकडे नको!’

म्हणून मला हलत्या कॅमेऱ्याचा राग येतो. कॅमेरा हलवल्याने गोंधळ झाकला जातो असं वाटतं, पण झाकली जाते ती भीती. प्रेक्षकाला घाबरायला वाट माहीत असावी लागते. दार कुठे आहे ते माहीत असलं, तरच ते बंद झाल्यावर छातीत धस्स होतं.

एका दर्शकाने विचारलंय की यातले व्हॅम्पायर वेगवेगळ्या तऱ्हेचे का आहेत? छान प्रश्न, आणि तो आपल्या मुद्द्याला धरूनच आहे. जुन्या झालेल्या व्हॅम्पायरना यात ‘बर्सर्कर’ म्हणतात. एरवी व्हॅम्पायर मारायला छातीत खुंटी, म्हणजे ‘स्टेक’, ठोकतात; पण यांचं छातीचं हाड इतकं टणक झालेलं असतं की ती आरपार जात नाही, मानेच्या मागे, कवटीच्या बुडाशी घाव घालावा लागतो. आता बघा, लेखकाने एक ओळीचा नियम लिहिला आणि मारामारीची रचनाच बदलली. समोरून भिडून उपयोग नाही, मागे जायला हवं. मागे जायचं म्हणजे जागा हवी, वळसा हवा, दुसऱ्या माणसाने लक्ष वेधायला हवं. कागदावरच्या नियमाने भूगोल आणला. हे तुम्हाला एक रुपयाही न घालवता करता येतं.

अजून एक कॉमेंट: ‘हे अमेरिकेत होतं, मराठीत कोण करणार?’ याला माझा ठाम विरोध आहे. मिकल आणि डॅमिची यांनी त्याआधी २००६ मध्ये ‘मलबेरी स्ट्रीट’ केला, याहूनही कितीतरी कमी पैशात, बराचसा एकाच इमारतीत. उंदरांपासून पसरणारा रोग, आणि त्या इमारतीत अडकलेली माणसं. ‘स्टेक लँड’ची कल्पना तर सुरुवातीला वेब मालिकेसाठीची होती. म्हणजे ही माणसं तुमच्यासारखीच छोट्या तुकड्यांपासून निघालेली. आपल्याकडे बंद गिरण्या आहेत, धरणाखाली गेलेल्या गावांच्या उन्हाळ्यात उघड्या पडणाऱ्या भिंती आहेत. परवानगी मात्र रीतसर घ्या, आणि मोडकळीला आलेल्या इमारतीत दिवसाउजेडी एकदा फिरून घेतल्याशिवाय रात्रीचं शूट ठेवू नका.

दुसऱ्या भागाबद्दलही विचारताय. तो २०१६ मध्ये आला. लेखन डॅमिचीचंच, मिस्टर आणि मार्टिनही तेच, पण दिग्दर्शन डॅन बर्क आणि रॉबर्ट ओल्सन यांचं. मला पहिलाच जास्त आवडतो. दुसरा बघायचा असेल तर पहिल्यानंतरच बघा.

आता तुमच्यासाठी काम. वस्तीवरच्या हल्ल्याचा सीन आवाज बंद करून बघा. मग कागदावर त्या वस्तीचा नकाशा काढा: नाका, नाचाची जागा, माणसं कुठून कुठे पळतात. त्यानंतर स्वतःच्या फिल्ममधली मारामारी एखाद्या अनोळखी माणसाला एकदाच दाखवा आणि त्याच्याकडून तसाच नकाशा काढून घ्या. दोन्हींचे फोटो इन्स्टाग्रामवर पाठवा. जिथे नकाशा काढताना त्याचं पेन अडलं, तिथे कुठला शॉट घालायचा, ते आपण पुढच्या व्हिडिओत एकेक फिल्म घेऊन बघू.