मागे ठेवलेला तुकडा

(दृश्य: मानेवरचा जुना व्रण, जवळून)

ही आडवी रेघ जुन्या ऑपरेशनची. तेव्हा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा मोठा भाग काढला, पाठीमागचा थोडा मुद्दाम ठेवला. आवाजाची नस आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या, तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी तिथेच चिकटलेल्या असतात. शिवाय उरलेल्या तुकड्यावर निभावलं तर थायरॉईड हार्मोनची रोजची गोळी टळेल, हाही हिशेब होता. पण गलगंड अनेक गाठींचा असेल, तर त्याच रोगाच्या बारीक गाठी त्या तुकड्यातही असतात. त्या डोकं वर काढायला कधीकधी वीस वर्षं घेतात.

(दृश्य: परळ, सोनोग्राफीची खोली)

खांद्याखाली उशी, मान मागे, वर जेल. पडद्याची डावी म्हणजे पेशंटची उजवी. मधली पांढरी कमान श्वासनलिकेची. बाजूला ठोके देणारं काळं वर्तुळ, ती कॅरॉटिड, मानेतली मोठी धमनी. प्रोब (सोनोग्राफीचा दांडा) दाबला की चपटी होते, ती शीर. कॅरॉटिड आणि श्वासनलिका यांच्यामधल्या खाचेत थायरॉईड असते. एका बाजूची खाच रिकामी आहे. दुसरीकडे ही गाठ. नुसत्या लहान-मोठेपणावर जाऊ नका. गाठ आडवी असण्याऐवजी उभी, कडा ओबडधोबड, आत पांढरे बारीक ठिपके असतील, तर सुई घालून पेशी तपासायच्या. आता प्रोब मधोमध वर सरकतोय, मग खाली छातीच्या हाडापर्यंत. पहिल्या ऑपरेशनात नेमक्या याच टोकांना ग्रंथीचे अंश राहून जातात.

(दृश्य: रक्ताच्या नळ्या)

‘टीएसएच नॉर्मल आहे, मग गाठ कशी?’ टीएसएच हार्मोनचा हिशेब देतं, गाठीचा नाही. थायरोग्लोब्युलिन या थायरॉईडच्या पेशींनी बनवलेल्या प्रथिनाचा आकडाही कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढलेल्यांनाच नीट लागू पडतो, तोही त्याविरुद्धच्या अँटिबॉडी रक्तात आहेत का ते तपासून.

(दृश्य: जुनी फाइल)

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘थायरॉईड ऑपरेशन’. यातून पुढच्या सर्जनला काय कळणार? कोणत्या बाजूचा किती भाग ठेवला, नस दिसली का, हे ऑपरेशन नोटमध्ये असतं. रेकॉर्ड रूममधून तिची झेरॉक्स मागून घ्या, पॅथॉलॉजी रिपोर्टसकट.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर)

प्रत्येक गाठ काढावी लागत नाही. काढायचीच झाली, तर आधी दुर्बिणीतून स्वरतंतू हलतात का ते बघतात. दुसऱ्या खेपेला सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं. आवाज बसण्याचा, कॅल्शियम उतरण्याचा धोका वाढतो.