कच्च्या लिंबाच्या हाती कंट्रोलर

मंडळी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ओसरीवर पत्त्यांचे डाव मांडणाऱ्या खान्देशात येऊन ‘खेळ वाईट नसतो’ हे पटवत बसायची मला गरज वाटत नाही. माझा प्रश्न लहान आहे. मे महिन्यात धुळे-जळगावकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, दुपारी अंगणात पाऊल ठेववत नाही. अशा वेळी घरातल्या पाच-सहा वर्षांच्या पोराबरोबर आई-बापाने व्हिडिओ गेम खेळावा का? आणि खेळायचा तर कसा? मोबाइल हातात देऊन आपण कामाला लागायचं, त्याबद्दल मी बोलत नाही. एका टीव्हीसमोर दोघांनी बसायचं आणि एकाच बाजूने खेळायचं, अशा खेळांबद्दल बोलतोय.

बऱ्याच घरांत एक युक्ती चालते. पोर हट्ट करतं, म्हणून त्याच्या हातात खेळाला न जोडलेला कंट्रोलर, म्हणजे गडी पळवायचा बटणांचा डबा, देतात. तिसऱ्या वर्षी ते खपून जातं. पाचव्या वर्षी पोर बटणावरून बोट काढून बघतं, गडी तरी पळतोच आहे, आणि मग त्याचा चेहरा बघवत नाही. गल्लीतल्या आपल्या खेळांत कच्चं लिंबू असायचं ना, तसंच हे. कच्चं लिंबू आउट होत नाही, ही सोय छानच. पण त्याने कोणाला शिवलं तर तेही कोणी धरत नाही, आणि हे त्याला लागतं. जोडीचा चांगला खेळ कोणता, तर ज्यात लहान भिडू सहसा बाद होत नाही, पण त्याने केलेलं काम मात्र धरलं जातं.

माझ्या वयाच्या लोकांना कॉन्ट्रा आठवत असेल. दोघांनी मिळून खेळायचा गोळीबाराचा व्हिडिओ गेम, १९८७ चा, आपल्याकडे नव्वदच्या दशकात पिवळ्या-काळ्या कॅसेटींतून घरोघरी पोचला. त्यातली धबधब्याची लेव्हल आठवा. मोठा भाऊ धडाधड वर चढायचा, पडदा त्याच्याबरोबर वर सरकायचा आणि खाली राहिलेला धाकटा पडद्याबाहेर गेला म्हणून मरायचा. गोळी नाही, शत्रू नाही. भावाची घाईच त्याला मारायची. खेळ दोघांचा होता, पडदा मात्र पुढे असणाऱ्याचा.

पुढची वीसेक वर्षं खेळ बनवणारे या एकाच भांडणाशी झगडत होते असं मला वाटतं. २००९ मध्ये निन्टेन्डो या जपानी कंपनीने ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’ काढला. चौघे एकदम खेळू शकत. अडलेल्याला बटण दाबून बुडबुड्यात शिरता येई, तो तरंगत जोडीदाराकडे येई, जोडीदाराने फोडला की पुन्हा खेळ सुरू. पण त्याच खेळात भिडू एकमेकांना धडकत आणि खड्ड्यात पडत. रुसवेफुगवे ठरलेले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’, २०२३ चा, त्यात ती धडक काढून टाकली. शिवाय योशी आणि नॅबिट हे भिडू निवडले तर शत्रू लागला तरी त्यांना काही होत नाही, आणि योशीच्या पाठीवर जोडीदाराला बसता येतं. म्हणजे आपलं कच्चं लिंबू बापाला पाठीवर घेऊन पळतं! खड्ड्यात पडलं तर मात्र त्यालाही माफी नाही, आणि ते बरंच आहे. थोडी भीती नसेल तर उडी कशाला मारायची?

लेगो ठोकळ्यांच्या व्हिडिओ गेमांनी दुसरी वाट काढली. २००५ च्या ‘लेगो स्टार वॉर्स’पासून दुसरा भिडू हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा जातो. पोराला मध्येच शू लागली, आजीने हाक मारली, काही अडत नाही. खेळातला भिडू मेला तर थोडी नाणी सांडतात आणि तो तिथेच पुन्हा उभा राहतो. पुढे २००९ च्या ‘लेगो इंडियाना जोन्स २’मध्ये दोघे लांब गेले की पडदा आपोआप दोन भागांत फाटू लागला, जवळ आले की सांधला जाऊ लागला. धबधब्याखालच्या धाकट्याला बावीस वर्षांनी मिळालेला न्याय म्हणा हवं तर.

एक सावधगिरी. ‘इट टेक्स टू’ला २०२१ चा सर्वोत्तम खेळ म्हणून गेम अवॉर्ड मिळालं, तो दोघांशिवाय चालतच नाही, बाहुल्यांची चित्रं बघून लहानांचा वाटतो. पण गोष्ट काडीमोड घ्यायला निघालेल्या आई-बापाची आहे, आणि पोरीच्या लाडक्या खेळण्यातल्या हत्तीशी ते जे करतात ते पाहून मोठी माणसंही गप्प होतात. युरोपात त्यावर बारा वर्षांवरचं चिन्ह आहे. नवरा-बायकोंनी जरूर खेळावा, पोरं झोपल्यावर.

मला सगळ्यात आवडते ती ‘सुपर मारिओ ओडिसी’तली, २०१७ ची, सोय. एक जण मारिओ होतो, दुसरा त्याची टोपी. टोपी उडते, शत्रूला टोले देते, नाणी गोळा करते, मरत मात्र नाही. सगळे टोपी पोराला देतात. आमच्या घरी थोड्या दिवसांनी मी ती मागून घेतली आणि मारिओ मुलीकडे दिला. मग ती जिकडे जाईल तिकडे मी. अर्धा तास एकाच शहरातल्या एकाच चौकात गोल गोल. आजी येऊन विचारते, ‘काय करी राहिनात रे?’ आणि उत्तर देता येत नाही, कारण खरंच काही चाललेलं नसतं. मोठ्याची परीक्षा इथे आहे. हात शिवशिवतात, ‘अगं तिकडे, डावीकडे!’ तोंडावर येतं. गिळायचं. ती अडली, तिने हाक मारली, तरच टोपी उडवायची.

आता वेळेचं. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना बसून पडदा बघायला दिवसात तासाभरापेक्षा जास्त नको, कमी तर बरंच. एक वर्षाच्या बाळाला मुळीच नको. त्याहून मोठ्या मुलांना मात्र मी घड्याळ दाखवत नाही. उडीच्या मध्यात घड्याळ कोणाला पटतं? खेळातलीच खूण ठरवतो. ओडिसीत चंद्र गोळा करायचे असतात, म्हणून ‘एक चंद्र मिळाला की बंद’ असं बोलून घेतो. पोरं पक्की असतात. चंद्र समोर चमकत असतो आणि मारिओ त्याच्याभोवती फेऱ्या मारत बसतो, उचलत नाही. यावर उपाय कोणाला सापडला असेल तर प्रश्नोत्तरांत तोच आधी सांगा.