गेरू, तेल आणि वाळलेली फळी

[दृश्य: करड्या पडलेल्या फळीवर पाण्याचे थेंब. कॅमेरा अगदी जवळ.]

या फळीवर आत्ताच पाण्याचे चार थेंब टाकले आहेत. उजवीकडचे दोन थेंब, जिथे कालपर्यंत टेबल होते तिथे, अळवाच्या पानावर राहावेत तसे गोल बसून आहेत. डावीकडचे दोन मात्र पाहता पाहता पसरले आणि आत मुरले. त्यांच्या जागी आता फक्त गडद, ओलसर डाग दिसतो. लाकूड एकच आहे आणि झाडही एकच. टेबलाखाली चार वर्षांपूर्वीच्या तेलाचा थर शिल्लक राहिला. उघड्या भागावरचा ऊन-पावसाने संपवला. उघडे लाकूड आता प्रत्येक पावसाचे पाणी पिते आहे, आणि त्याला नव्याने तेल लावण्याचे आमचे काम तिथूनच सुरू होते.

आम्ही न्यू जर्सीत आहोत. सप्टेंबरचा तिसरा आठवडा आहे, घरोघरचे गणपती नुकतेच पोचवून झाले आहेत, आणि हवेतला उन्हाळ्याचा दमटपणा उतरू लागला आहे. घराच्या मागच्या दाराबाहेर, कमरेइतक्या उंचीवर, बारा फूट रुंद आणि सोळा फूट लांब असा हा लाकडी ओटा आहे. इथे त्याला डेक म्हणतात. आपल्या कोकणातल्या पडवीशी त्याचे नाते जवळचे वाटते, कारण संध्याकाळचा चहा, पाहुण्यांच्या गप्पा आणि वाळवणाचे ताट या तिन्ही गोष्टी इथेच होतात. पण पडवीला छप्पर असते आणि डेकला नसते. जुलैचे ऊन, ऑक्टोबरची ओली पाने आणि जानेवारीचे बर्फ हे सगळे थेट फळीवर पडते. फटीत शिरलेले पाणी थंडीत गोठते, गोठताना फुगते, आणि कालची केसाएवढी चीर वसंतात नखाएवढी झालेली दिसते.

लाकूड करडे का पडते, हे समजून घेतले की पुढच्या सगळ्या कामाचा अर्थ लागतो. लाकडातले तंतू एकमेकांना धरून ठेवणारा जो पदार्थ असतो त्याला लिग्निन म्हणतात. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण हे लिग्निन तोडतात, पाऊस ते धुऊन नेतो, आणि वर उरतात ते सुटे, फिकट, मेलेले तंतू. त्यांच्यावर काळी बुरशी धरते आणि पिवळसर पाइन लाकूड राखेच्या रंगाचे होते. ही झीज अतिशय सावकाश असते. नरम लाकडाचा पृष्ठभाग शंभर वर्षांत साधारण सहा मिलिमीटर झिजतो. म्हणजे करडा रंग हा फळीचा मृत्यू नव्हे. पण सुट्या तंतूंच्या त्या थरावर काहीही लावले तरी ते फळीला लागत नाही, ते फक्त त्या थराला लागते, आणि थर सुटला की त्याच्याबरोबर निघून जाते.

चार वर्षांपूर्वी आम्ही नेमके हेच केले होते. शनिवारी डेक धुतला, रविवारी वरून कोरडा दिसला म्हणून स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारे रंगीत तेल, लावला, आणि रंग गडद यावा म्हणून दुसरा हातही भरभरून मारला. नोव्हेंबरपर्यंत पायऱ्यांवर चिकटपणा होता आणि पुढच्या एप्रिलमध्ये पोपडे सुटले. लाकडाला जेवढे पिता येत होते त्याहून जास्त आम्ही पाजले होते, तेही त्याचे पोट पाण्याने भरलेले असताना. या वेळी चार दिवसांची सुट्टी आणि दोन शनिवार आधीच राखून ठेवले आहेत.

[दृश्य: डेकच्या खालचा भाग, टॉर्चच्या उजेडात.]

पहिले काम डेकच्या वर नसून खाली आहे. घराच्या भिंतीला जी आडवी फळी जोडलेली असते, तिच्यावर डेकच्या एका बाजूचा सगळा भार असतो. ती नुसत्या खिळ्यांवर असेल तर रंगाचा विचार बाजूला ठेवून आधी ती बोल्टने पक्की करून घ्यावी, कारण डेक कोसळतात ते बहुधा याच सांध्यापाशी. आमच्याकडे बोल्ट आहेत. मग स्क्रू ड्रायव्हरचे टोक प्रत्येक तुळईत आणि खांबाच्या बुंध्याशी टोचून पाहिले. चांगले लाकूड टोकाला अडवते. कुजलेले लाकूड ते लोण्यासारखे आत घेते. पायरीची एक फळी अशी निघाली आणि ती बदलली. वर आलेले खिळे पुन्हा ठोकले तर ते पुन्हा वर येतात. म्हणून ते उपसून त्या जागी स्क्रू बसवले.

इथे एक गोष्ट थांबून सांगितली पाहिजे. अमेरिकेत डेकसाठी वापरतात ते पाइनचे लाकूड कुजू नये म्हणून कारखान्यात दाबाखाली औषध मुरवून तयार केलेले असते. 2003 च्या अखेरीपर्यंत घरगुती वापराच्या लाकडात यासाठी क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक यांचे मिश्रण वापरले जाई. त्यानंतर ते घरगुती वापरातून काढले गेले आणि आर्सेनिक नसलेली, तांब्यावर आधारलेली औषधे आली. नव्या फळीवरची हिरवट झाक त्या तांब्याचीच असते. आमचा डेक 2011 चा आहे. पण ज्यांचे घर जुने आहे आणि डेकही त्या आर्सेनिकच्या काळातला आहे, त्यांनी तो घासू नये, कारण त्या भुशात आर्सेनिक असते; अशा डेकवर पुढे सांगितलेली रसायनेही वापरू नयेत. घर घेताना ही चौकशी कोणी करत नाही, आणि त्या फळ्यांवर लहान मुले रांगत असतात.

[दृश्य: धुण्याचे काम. फेस, लांब दांड्याचा ब्रश.]

धुण्यासाठी सोडियम परकार्बोनेटची पूड पाण्यात मिसळली आहे. पाण्यात गेल्यावर तिच्यातून धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मोकळे होते. सोडा मळ सोडवतो, पेरॉक्साइड बुरशी मारते. क्लोरीनच्या ब्लीचनेही बुरशी मरते, परंतु ते लाकडाचे तंतू खाते, स्क्रू गंजवते आणि कडेची झाडे जाळते. तुळशीची कुंडी इथून चार हातांवर आहे, त्यामुळे तो प्रश्न आमच्यापुरता आधीच सुटलेला होता. द्रावण पंधरा-वीस मिनिटे फळीवर ओलेच राहू द्यायचे, मधे वाळू लागले तर पाणी शिंपडायचे, आणि मग नायलॉनच्या ब्रशने फळीच्या लांबीच्या दिशेने घासायचे. तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे तुटलेले कण फळीत अडकतात आणि पहिल्या पावसात गंजाचे ठिपके उमटतात.

दाबाने पाणी मारणारे यंत्र शेजारच्या काकांनी आपणहून आणून दिले, आणि ते आम्ही फक्त खंगाळण्यासाठी वापरले: रुंद फवाऱ्याचे तोंड, कमीत कमी दाब, आणि फळीपासून फूटभर अंतर. हे यंत्र जवळ नेले की मळ झटकन निघतो आणि पाहणाऱ्याला समाधान वाटते, पण पाण्याबरोबर वर्षवलयांमधला मऊ भागही उडून जातो, कठीण भाग तसाच उभा राहतो, आणि फळी कंगव्यासारखी होते.

सोड्याने लाकूड गडद पडते. त्यावर ऑक्झॅलिक आम्लाचे सौम्य द्रावण फिरवले, हातमोजे आणि चष्मा घालून. अळू चिरताना हाताला जी खाज सुटते ती याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराच्या सुयांमुळे. इथे मात्र ते लाकडावरचे खिळ्यांभोवतीचे निळे-काळे डाग काढते आणि मागे राहिलेला सोडा मारते. पडद्यावर दिसते आहे ते कोणतेही संकलन नाही. दहा मिनिटांत फळीचा रंग राखेवरून गव्हावर येताना तुम्ही पाहत आहात.

[दृश्य: रिकामा, धुतलेला डेक. सकाळ, दुपार, पुन्हा सकाळ.]

आणि आता काहीही करायचे नाही. या भागाचे चित्रण करणे सर्वांत अवघड होते, कारण त्यात काही घडताना दिसत नाही. तरीही सगळ्या कामाचे यश याच दिवसांवर ठरते. ओलावा मोजण्याच्या छोट्या यंत्राच्या दोन सुया फळीत टोचल्या की आकडा येतो. धुतले त्या संध्याकाळी 28 टक्के होता, दुसऱ्या दिवशी दुपारी 21. हात फिरवला तर फळी खडखडीत वाळलेली वाटत होती, आणि चार वर्षांपूर्वी आम्ही बरोबर याच क्षणी ब्रश उचलला होता. चौथ्या दिवशी 14 आला. पंधराच्या खाली आल्याशिवाय सुरुवात करायची नाही असे या वेळी ठरवले होते.

आईने या दिवसांत रोज सकाळी दार उघडून विचारले, "अरे, वाळल्या का फळ्या?" तिचे माहेर सावंतवाडीकडचे. पावसाळ्याआधी वाशांना काजूच्या टरफलांचे तेल लावायचे तेव्हा घरातली माणसे वैशाखातले कडक ऊन धरून बसत, हे तिने लहानपणी पाहिलेले आहे. ते तेल वाळवी दूर ठेवते आणि होड्यांनाही लावतात; हाताला लागले तर कातडी भाजते. "ओल्या लाकडाला तेल लावलं तर ते वरच राहतं," असे ती म्हणाली. चार वर्षांपूर्वी आम्ही तिला विचारले नव्हते.

वाळल्यावर पाण्याने उभी राहिलेली लव हाताला टोचते. ती 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढली, तोंडाला मास्क लावून. यापेक्षा बारीक कागद फळीवर वापरला तर पृष्ठभाग गुळगुळीत होऊन बंद होतो आणि तेल आत जात नाही. अपवाद कठड्याच्या वरच्या पट्टीचा. तिथे हात टेकतात, म्हणून तिथे 100 नंबर.

[दृश्य: डबा उघडतो. तळाचा रंग काठीने वर येतो.]

डब्याच्या तळाशी जो तांबूस गाळ बसला आहे, तो नीट पाहावा. पारदर्शक तेल लाकडाला पाण्यापासून काही काळ वाचवते, पण ऊन त्यातून आरपार जाते आणि लिग्निन तुटतच राहते. जाड, झाकणारा रंग ऊन अडवतो. पण पायाखालच्या आडव्या फळीवर त्याचा पापुद्रा होतो, चिरांमधून पाणी त्याच्याखाली जाते आणि पोपडे सुटतात. या दोन्हींच्या मधला हा अर्धपारदर्शक स्टेन आहे: आत मुरणारे तेल, आणि त्यात ऊन अडवणारे लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन येथे अमेरिकन सरकारची वनोत्पादन प्रयोगशाळा 1910 पासून आहे. तिथे 1950 च्या दशकात अशा स्टेनचे एक सूत्र तयार झाले, आणि त्याचा गाभा होता उकळलेले जवसाचे तेल आणि मातीचे रंग. जवसाचे तेल म्हणजे आपल्या रंगाऱ्यांचे बेलतेल. आणि लोहाच्या ऑक्साइडची तांबडी माती म्हणजे ज्याने आपण तुळशीवृंदावन सारवतो तो गेरू. या डब्याकडे परक्या देशातली वस्तू म्हणून पाहणे मला त्यानंतर जमलेले नाही.

काठी तळापर्यंत घालून ढवळले नाही तर पहिल्या फळ्यांना नुसते तेल मिळते आणि शेवटच्यांना नुसती माती. म्हणून काम चालू असतानाही मधूनमधून ढवळत राहिलो. लावायला सुरुवात सकाळी दहाला केली, दव उडाल्यावर आणि ऊन घराच्या पलीकडे असताना. तापलेल्या फळीवर तेल मुरण्याआधीच सुकते. हवेत 20 अंश सेल्सिअस होते आणि पुढचे दोन दिवस पावसाची शक्यता नव्हती.

एका वेळी दोनच फळ्या घ्यायच्या, आणि त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण करूनच उठायचे. मधे थांबलात तर जिथे ओला भाग वाळलेल्यावर चढतो तिथे गडद पट्टा उमटतो, आणि तो पुढची दोन वर्षे तिथेच राहतो. चार इंची ब्रश, हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने. फळीचे कापलेले टोक म्हणजे नळ्यांची उघडी तोंडे असतात. पाणी सर्वांत जास्त तिथूनच शिरते, म्हणून ती टोके दोनदा, तेल पिणे थांबेपर्यंत भिजवली. पंधरा मिनिटांनी जिथे चमक दिसते तिथे तेल वर उरलेले असते. ते सुती चिंध्यांनी पुसून घ्यायचे. दुसरा हात नाही. पंचवीस फळ्या, कठडा आणि पायऱ्या मिळून दीड गॅलनच्या आसपास स्टेन लागला.

[दृश्य: कुंपणाच्या तारेवर एकेक वाळत घातलेल्या चिंध्या.]

या चिंध्यांवर कॅमेरा मुद्दाम थांबवला आहे. वाळणारे तेल हवेतला ऑक्सिजन घेते आणि तसे करताना उष्णता सोडते. चिंधी पसरलेली असेल तर ती उष्णता उडून जाते; बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकली तर ती आतच साठते, आणि काही तासांत चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. इथून फार लांब नसलेल्या फिलाडेल्फियात 23 फेब्रुवारी 1991 रोजी वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर लाकूडकामानंतर ठेवलेल्या, जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांनीच आग लागली, आणि ती विझवताना अग्निशमन दलाच्या तीन जवानांचा मृत्यू झाला. डब्यावर हा इशारा असतो, बारीक अक्षरात. म्हणून आमच्या चिंध्या सुट्या सुट्या, घरापासून दूर, तारेवर आहेत. ज्यांना अंगण नाही त्यांनी त्या पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

टेबल-खुर्च्या दोन दिवसांनी परत आल्या. सोमवारी रात्री पाऊस झाला. मंगळवारी सकाळी फळ्यांवर, डावीकडे आणि उजवीकडे सारखेच, गोल थेंब बसलेले होते. डब्यात उरलेला स्टेन तळघरात ठेवला आणि झाकणावर तारीख लिहिली. तारेवरच्या अकरा चिंध्या मोजून काढल्या. त्या वाळून उडदाच्या पापडासारख्या कडक झाल्या होत्या.