जुना फ्लॅट विक्रीला काढण्यापूर्वी

नमस्कार मंडळी. आज बोलायचं आहे ते जुना फ्लॅट विक्रीला काढण्याआधीच्या तयारीबद्दल. जुना म्हणजे साधारण १९७५ ते १९९० या काळात पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांतल्या सहकारी सोसायट्यांमध्ये बांधलेला. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, मोझॅकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, लोखंडी खिडक्या. असं घर विकायचं ठरलं की पहिलं वाक्य येतं, "आधी रंग लावून घेऊ." माझा आग्रह असा की रंग सगळ्यात शेवटी. घेणारा जुनेपणाला घाबरत नाही, घर जुनं आहे हे जाहिरातीत वाचूनच तो तीन जिने चढून आलेला असतो. त्याला धास्ती असते न दिसणाऱ्या खर्चाची. भिंतीच्या आत काय आहे, कागदांत काय अडकलंय, हे त्याला कळत नाही आणि कळत नाही म्हणून तो भाव पाडून मागतो. तेव्हा पैसा आणि वेळ घालवायचा तो त्या शंका मिटवण्यावर.

खर्चाचा अंदाज काढण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एक गोष्ट विचारून या. पुनर्विकासाचं कुठवर आलंय? सर्वसाधारण सभेत ठराव झाला असेल, विकासकांचे देकार येत असतील, तर घरात तोडफोडीचं काम काढूच नका. अशा वेळी घेणारा नव्या इमारतीतल्या जागेचा हिशेब करून पैसे देतो, तुमच्या टाइल्सचे नाही. कागद पुरे करा, घर झाडून-पुसून लख्ख करा, इतकंच. पुनर्विकास दूर असेल तर स्ट्रक्चरल ऑडिटच्या शेवटच्या अहवालाची प्रत मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. घेणारा कर्ज काढणार असेल तर बँकेचा मूल्यांकनकार इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितोच, आणि तिथे अहवाल हाताशी असला की काम अडत नाही.

आता कागद. यांना सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून ते पहिले. बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, नोंदणीची पावती, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा), भाग प्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) आणि त्याच्या मागच्या बाजूच्या हस्तांतरणाच्या नोंदी, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, चालू कराची पावती, वीजबिल, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला. हे सगळं टेबलावर मांडून फक्त नावं वाचा. करारात एक नाव, वीजबिलात वडिलांचं, कराच्या बिलात अजून बिल्डरचं, असं हमखास निघतं. प्रत्येक दुरुस्तीचा अर्ज वेगळ्या कार्यालयात जातो, त्यामुळे सगळे अर्ज एकाच आठवड्यात देऊन टाका.

मूळ मालक वारले असतील तर एक गैरसमज आधी काढून टाका. नामनिर्देशन म्हणजे मालकी नाही. सोसायटी नामनिर्देशिताच्या नावावर भाग चढवून देते, पण हक्क सगळ्या वारसांचा राहतो आणि नामनिर्देशित त्यांच्या वतीने जागा सांभाळत असतो. मृत्युपत्र नसेल आणि एकाच भावंडाने विकायचं ठरलं असेल, तर बाकीच्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावं, नाहीतर सगळ्यांनी विक्रीखतावर सह्या कराव्यात. हे गिऱ्हाईक यायच्या आधी व्हायला हवं. टोकन घेतल्यावर परदेशातल्या बहिणीची सही गोळा करायला निघालात की गिऱ्हाईक दुसरा फ्लॅट बघायला लागतं. मूळ करार हरवला असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, या क्रमाने जा. पण त्याआधी माळा पुरा रिकामा करा. जुने करार आणि भाग प्रमाणपत्रं माळ्यावरच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली, कापडी पिशवीत निघतात. रद्दीवाल्याला बोलवायचं ते प्रत्येक पिशवी उघडून पाहिल्यावरच.

क्षेत्रफळाचंही आत्ताच बघून ठेवा. जुन्या करारात बहुतेक वेळा बिल्टअप, म्हणजे भिंती धरून, लिहिलेलं असतं, घेणारा विचारतो कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा. रेरा, म्हणजे घरबांधणी व्यवसायाचं नियमन करणारा कायदा, २०१६चा. त्याच्या कार्पेटच्या व्याख्येत आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. टेपने प्रत्येक खोली मोजून कागदावर आकृती काढून ठेवा. बाल्कनी आत घेतली असेल, गच्चीवर पत्रे टाकले असतील, तर मंजूर नकाशाशी ताडून बघा. बँकेचा माणूस तेच करणार आहे.

आता घराकडे येऊ, आणि ओलीवर जरा थांबू, कारण सौदे सगळ्यात जास्त तिथेच मोडतात. ओल दिसली की लोक प्लास्टरला पुट्टी मारतात आणि वरून ऑइलपेंट लावतात. आतलं पाणी बाहेर पडायला जागा शोधतं, महिन्या-दोन महिन्यांत रंगाला फोड येतात, पोपडे निघतात आणि खाली पांढरी भुकटी दिसते. तो लोणा. रंग नवा आणि लोणाही नवा असं दिसलं की घेणाऱ्याचा बाकीच्या घरावरचाही विश्वास उडतो.

आधी पाणी येतं कुठून ते ठरवा. डाग बारा महिने, संडास-बाथरूम वापरात नसतानाही ओला राहतो तर नळाची दाबाखालची लाइन गळते. आंघोळीनंतर तासा-दोन तासांनी वाढतो तर बाथरूमची जमीन किंवा नहाणीचा, म्हणजे जमिनीतल्या पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा. फक्त जून ते सप्टेंबर दिसतो तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, आणि ती दुरुस्ती सोसायटीची जबाबदारी, तसा लेखी अर्ज द्या. नुसती दमट हवा की भिंतीतली ओल, असा संशय असेल तर वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला जमले तर हवेत.

बाथरूमची चाचणी अशी. नहाणीचं तोंड कापडात गुंडाळलेल्या बोळ्याने घट्ट बंद करा, एक इंच पाणी साठवा, खडूने भिंतीवर पातळीची रेघ मारा आणि २४ तासांनी खालच्या घरातलं छत बघा. खाली काही नाही आणि पातळीही जागेवर, म्हणजे जमीन ठीक. मग बोळा काढून बादल्याच्या बादल्या नहाणीत सोडा. आता खाली ओल आली तर दोष जाळीखालच्या सांध्यात आहे, आणि त्यासाठी सगळं बाथरूम फोडायची गरज नाही, नहाणीभोवतीचा दीड-दोन फुटांचा भाग उघडून भागतं. टाइल्सच्या फटी मोकळ्या झाल्या असतील तर त्या खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, चार दिवस बाथरूम बंद ठेवून चाचणी पुन्हा घ्या. नवं प्लास्टर केलं तर सात दिवस पाणी मारा आणि त्यापुढे तीन-चार आठवडे वाळू द्या. ठेकेदार घाई करतो, तुम्ही करू नका.

छताच्या सळ्या उघड्या पडल्या असतील तर पीओपीचं फॉल्स सीलिंग करून झाकू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीट सुटतं, आणि झाकल्यावर हे आत चालूच राहतं. सुटलेलं काँक्रीट ठोकून काढा, सळई मागच्या बाजूनेही तारेच्या ब्रशने घासा, गंजरोधक लावा, मग पॉलिमर मॉर्टर. भेगा बीम-कॉलममध्ये असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, गवंड्यावर सोडू नका.

नळाचे जुने जीआय, म्हणजे जस्त चढवलेले लोखंडी, पाइप आतून गंजतात. सकाळी पहिला मिनिटभर तांबूस पाणी येणं ही त्याची खूण. बाथरूम तसंही उघडणार असाल तर सीपीव्हीसीचे प्लॅस्टिक पाइप टाका आणि टाइल्स बसवण्याआधी लाइन दाबाखाली तपासा. विजेचं काम मात्र सोडू नका. चिनीमातीचे किटकॅट फ्यूज काढून एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा. दिव्यांना दीड, १६ अँपियरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर. आणि अर्थिंग खरोखर आहे का ते मोजून घ्या, तीन पिनांचं सॉकेट असूनही मागे अर्थची तारच नाही असं या घरांत सर्रास असतं.

फरशीबद्दल माझं मत ठाम आहे. चांगली मोझॅक झाकू नका. तिच्यावर व्हिट्रिफाइड टाइल चढवली की जमीन अर्ध्या इंचाने वर येते, प्रत्येक दार खालून कापावं लागतं, बाथरूमचा उंबरा बुडतो आणि स्लॅबवर वजन वाढतं ते वेगळंच. त्याऐवजी पॉलिश करा. आधी पांढरं सिमेंट आणि फरशीच्या रंगाची पूड कालवून खड्डे आणि सांधे भरा, तीन-चार दिवस पाणी मारा. मग मशिनला जाडा दगड, म्हणजे ६० किंवा ८० नंबरचा, नंतर १२०, नंतर २२० आणि त्याहून बारीक. मधला एक नंबर गाळला तर गोल ओरखडे राहतात आणि ते उजेड तिरपा पडला की दिसतात. शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडची घासणी. या कामाचा चिखल भिंतीवर फूटभर उडतो, म्हणून रंगाचा शेवटचा हात पॉलिशनंतर. सुटलेली, पोकळ वाजणारी फरशी आधी उचलून बसवा, मशिनखाली ती फुटते.

रंगाचं थोडक्यात. जुन्या चुन्यावर पुट्टी धरत नाही, थर तळापर्यंत खरवडावा लागतो. प्रायमर, पुट्टीचे दोन पातळ हात, पुन्हा प्रायमर, मग फिकट रंग. खिडक्यांचा गंज घासून रेड ऑक्साइड लावा आणि बिजागऱ्यांना तेल द्या. नवं मॉड्युलर किचन करू नका, घेणारा आपल्या मनाप्रमाणे करणार आहे.

आत्ता एक चिठ्ठी आली आहे: ओल आहे हे सांगायचं की नाही? सांगायचं. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणं हे विक्रेत्याचं कर्तव्य आहे. दुरुस्ती कधी केली, काय केलं, बिल आणि उघड्या पाइपांचे फोटो, हे सगळं फाइलमध्ये लावून दाखवा. अशी फाइल बघून घेणाऱ्याचा सूर बदलतो.

दुसरी चिठ्ठी मुलं परदेशात असलेल्यांची, घर बंद आहे. बंद घरात नहाणीतलं पाणी आटतं आणि गटाराचा वास सगळ्या खोल्यांत भरतो. आठवड्याला प्रत्येक नहाणीत आणि कमोडमध्ये तांब्याभर पाणी ओतायला कुणाला तरी सांगा, आणि घर दाखवण्याच्या आदल्या दिवशी खिडक्या उघडून ठेवा. कुलमुखत्यारपत्र परदेशात केलं असेल तर ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. विक्रेता अनिवासी असेल तर घेणाऱ्याला नेहमीच्या एक टक्क्यापेक्षा बराच जास्त कर कापावा लागतो. तो कमी कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून मिळतो, पण त्याला आठवडे लागतात. त्यामुळे करार झाल्या झाल्या सीएला सांगून अर्ज करा, विक्रीखताच्या तारखेची वाट बघू नका.