पापणीच्या कडेची जुनी सूज

नमस्कार श्रोतेहो.

"माझे वर्षातून चार-पाच वेळा डोळे येतात," असं सांगणारे पुष्कळ भेटतात. साथीत आलेले डोळे एक-दोन आठवड्यांत जातात. पण सकाळी पापण्या चिकटलेल्या, कडा लाल, केसांच्या बुंध्याशी कोंडा, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपणं आणि मधूनच रांजणवाडी, असं महिनोन्‌महिने चाललं असेल, तर ते डोळे येणं नव्हे. बहुतेक वेळा ती पापणीच्या कडेची जुनी सूज असते. डॉक्टर तिला ब्लेफरायटिस म्हणतात.

पापणीच्या कडेला, केसांच्या आतल्या बाजूला, तेलग्रंथींची बारीक तोंडं रांगेत असतात. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत थोडी कमी. हे तेल अश्रूंवर पसरतं आणि त्यांना सुकू देत नाही. या दुखण्यात ते थंडीतल्या तुपासारखं घट्ट होतं, तोंडं बुजतात. मग तूप पातळ करायला जे करतो तेच इथे करायचं: ऊब द्यायची.

स्वच्छ सुती फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. एकूण ५ ते १० मिनिटं. इथेच बहुतेकांचं चुकतं. फडकं दोन मिनिटांत गार होतं आणि पुढची आठ मिनिटं नुसतं ओलं कापड डोळ्यांवर राहतं. म्हणून ते पुन्हा पुन्हा गरम पाण्यात बुडवा. शेक झाल्या झाल्या, तेल पातळ असतानाच, बोटाने हलकं दाबत वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेने चोळा. बुबुळावर जोर नको. मग उकळून कोमट केलेल्या अर्धा कप पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब टाकून, कापसाच्या काडीने केसांचा बुंधा पुसा. दिवसातून दोनदा, निदान महिनाभर. नंतर रोज एकदा, कायमचं. बरं वाटलं म्हणून सोडलं की दुखणं परत येतं.

डोक्यात कोंडा असेल तर त्याचाही उपचार करा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला भरलं की ग्रंथींच्या तोंडांवरच बसतं. गुऱ्हाळावर चुलवाणाला जळण घालणाऱ्यांनी धुराच्या वाऱ्याला तोंड करून बसू नये. फाउंड्रीत काम करणाऱ्यांनी बाजूने बंद असलेला चष्मा वापरावा.

मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या थेंबांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन यांसारखं स्टिरॉइड असलेल्या थेंबांनी लाली दोन दिवसांत जाते, म्हणूनच लोक ती बाटली पुन्हा पुन्हा आणतात. पण असे थेंब घालत राहिलं की डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि त्याची बहुधा जाणीवही होत नाही. या वाढलेल्या दाबातून काचबिंदू होऊ शकतो, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. डॉक्टरांनी हेच थेंब दिले असतील तर ते मनाने बंद करू नका, वाढवूही नका, आणि दाब तपासायच्या तारखा चुकवू नका.

डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल किंवा बुबुळाभोवती लाल कडं दिसत असेल, तर शेक देत बसू नका. ती डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हिआयटिस असू शकते. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआर सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. सकाळी कंबर आखडत असेल तर तेही सांगा. कंबरेचा एक सांधेविकार आणि ही सूज बऱ्याचदा एकाच रुग्णात सापडतात.