बाटली क्रमांक ५३ एन

नमस्कार श्रोतेहो.

२०२१ च्या उन्हाळ्यात माझी आत्या कोविडच्या लसीकरण केंद्रावरून न टोचताच परत आली. बाई सत्तरीची. लहानपणी देवी काढल्याचे दोन गोल वण तिच्या दंडावर अजून आहेत, म्हणजे लसीशी तिचं वैर नव्हतंच. तिनं तिथं एवढंच विचारलं, "ह्यात असतं काय? आणि मला बीपीची गोळी चालू आहे, तर चालेल ना?" उत्तर आलं, "आजी, मागची रांग बघा." आत्या रांगेतून बाहेर पडली. घरी आम्ही सगळ्यांनी तिला अडाणी ठरवलं. मीही त्यात होतो, खोटं कशाला बोलू.

आत्याचा तो प्रश्न आठवला की मला परळची हाफकिन संस्था आठवते.

१८९६ साली मुंबईत मांडवीच्या वस्तीत गाठीचा ताप सुरू झाला. हा प्लेग आहे हे ओळखलं मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी. पुढचं आपण शाळेत शिकलोय: घराघरांत बूट घालून शिरणारे सोजीर, माणसं उचलून छावणीत नेणं आणि २२ जून १८९७ ला पुण्यात रँडवर झाडलेल्या गोळ्या. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या.

ह्याच दिवसांत ओडेसात जन्मलेला, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत शिकून आलेला वाल्डेमार हाफकिन नावाचा माणूस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवत होता. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, म्हणजे जंतू त्याला धरून खाली लोंबत वाढतात, आणि मग उष्णता देऊन ते मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्यानं पहिली सुई स्वतःला टोचली. त्याला ताप आला, तो त्यानं सोसला. मग भायखळ्याच्या तुरुंगात राजी झालेल्या कैद्यांना टोचलं आणि ज्यांनी घेतली नाही त्यांच्याशी ताडून पाहिलं. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, ही शंका आज कुणालाही येईल, आणि ती यावीच. पण घेतलेले आणि न घेतलेले एकाच छपराखाली मोजले गेले, हेही खरं.

गावात मात्र अफवांना ऊत आला होता. माझं म्हणणं, तो साहजिक होता. काल दार फोडून आईला घेऊन गेलेलं सरकार आज सुई घेऊन आलं, तर त्यावर विश्वास कोण ठेवील? लस ऐच्छिक होती, पण झडतीची सक्ती तिच्याही अंगाला चिकटली.

आता बाटलीकडे येतो. ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं. त्यातल्या एकाच बाटलीतून, क्रमांक ५३ एन मधून, ज्या १९ जणांना लस दिली ते सगळेच्या सगळे धनुर्वातानं दगावले.

हाफकिनला निलंबित केलं गेलं. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, लसीत जंतुनाशक कार्बोलिक आम्ल घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती, त्यावर चौकशीत बोट ठेवलं गेलं. पंजाबातली मोहीम कोलमडली. पण बारकाईनं पाहिलं तर वेगळंच दिसत होतं. ती बाटली एक्केचाळीस दिवस आधी भरलेली. जंतू परळमध्येच शिरले असते तर इतक्या दिवसांत ती नासून घाण सुटायला हवी होती. उघडताना तसा वास कुणाला आला नव्हता. आणि बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात.

एवढं मान्य व्हायला पाच वर्षं लागली. १९०७ साली मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहिली, तेव्हा कुठे हाफकिनच्या माथ्यावरचा डाग पुसला. लस निर्दोष होती आणि १९ माणसं लस घेतल्यानंच गेली, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. आपल्याकडच्या वादात दोन्ही बाजूंना त्यातलं एकेकच ऐकू येतं.

कोविशील्डचंच पाहा. रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा अत्यंत दुर्मिळ त्रास ह्या लसीनं होऊ शकतो, हे युरोपातल्या औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. आपल्या बहुतेकांच्या फोनवर ते पोचलं २०२४ साली, लंडनच्या कोर्टातल्या कागदपत्रांची बातमी होऊन. तीन वर्षांनी हातात आलेली माहिती खरी असली तरी लपवलेलीच वाटते.

मग लोक दुसरीकडे वळतात. २०२० साली आमच्या सोसायटीत आर्सेनिकम अल्बम ह्या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटल्या. सगळे ठणठणीत राहिले, असं सेक्रेटरी अजून छाती काढून सांगतात. शेजारच्या सोसायटीनं गोळ्या घेतल्या नव्हत्या. तिथं किती आजारी पडले, ते कुणी मोजलंच नाही. काढा मीही प्यायलो, सुंठ-मिऱ्यांचा, आणि घशाला बरं वाटलं. पण लसीला जो हिशेब मागायचा तोच काढ्यालाही मागायला हवा. बाटलीवर 'नैसर्गिक' लिहिलं की हिशेब माफ, असं चालणार नाही.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणालाही बळजबरीनं लस टोचता येणार नाही. वर्तमानपत्रांनी 'सक्ती नाही' एवढा मथळा दिला. त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती: लसीनंतर झालेल्या त्रासाच्या नोंदी लोकांना करता आल्या पाहिजेत आणि पाहताही आल्या पाहिजेत. मला हा भाग जास्त मोलाचा वाटतो. नोंदी बंद कपाटात असतील तर नुसतं स्वातंत्र्य घेऊन माणूस ठरवणार कशावरून?

आत्यानं लस घेतली, चार दिवसांनी. ओळखीची एक आरोग्यसेविका संध्याकाळी घरी आली. ताप येईल, दंड ठणकेल, अर्धा तास केंद्रावरच बसायचं, धाप लागली किंवा पाय सुजला तर ताबडतोब फोन करायचा, बीपीची गोळी सोडायची नाही, असं सगळं तिनं सांगितलं. आत्यानं ते कॅलेंडरच्या मागं लिहून घेतलं. मग म्हणाली, "उद्या किती वाजता येऊ?"