माहेरच्या चिंध्या

(दृश्य: चूल, तापलेलं खापर, त्यावर पडणारी पुरणपोळी)

वैशाखातलं अमळनेर. बाहेर पारा ४२ च्या वर, आणि आत चुलीवर खापर तापलंय, कारण अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आहे आणि लेक सुरतहून माहेरी आलीय. पुरणपोळ्या, आमरस, रशी म्हणजे तिखट आमटी, सगळं एकाच दिवशी. पोळी खापरावर कशी पडते ते बघा आधी. आणि आता शेजारचं रशीचं पातेलं उतरवणारा हात बघा. त्या हातात फडकं नाही, सांडशीही नाही, आठ बाय आठ इंचाची छोटीशी गोधडी आहे.

दुकानात याला पॉटहोल्डर म्हणतात. या घरात मात्र छोटी गोधडीच, आणि लेक परत निघाली की तिच्या पिशवीत दोन जातातच.

(दृश्य: गाठोडं सुटतं, तुकडे चटईवर)

हे गाठोडं आईनं वर्षभर साठवलंय. जुन्या सुती लुगड्याचा काठ, बाबांच्या सदऱ्याची पाठ, टेलरकडून आणलेलं ब्लाऊजचं कतरण. "हाई फेकू नको व माय, हाई कामनं शे," आजी आजही म्हणते. घरासमोरच्या शेतात कापूस पिकतो, तो वेचताना बायांची बोटं फाटतात, त्या कापसाचा तुकडा उकिरड्यावर जावा हे तिला पटतच नाही, आणि आम्हालाही नाही पटत.

(दृश्य: काडीची ज्योत, दोरा जळताना, अगदी जवळून)

पण गाठोड्यातलं सगळं चालत नाही हं. प्रत्येक तुकड्याचा एक दोरा काढून त्याला काडी लावायची. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख. सिंथेटिक असेल तर दोरा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी होतो. असं कापड गरम कढईला लागलं तर हाताला चिकटेल. सुरतेच्या झुळझुळीत साड्यांचे तुकडे कितीही छान दिसू देत, ते बाजूला. लेकीच्या शाळेच्या निळ्या युनिफॉर्मचा तुकडाही बाजूला पडला, तो टेरिकॉटचा निघाला. तिचा चेहरा बघा.

(दृश्य: पायडल मशीन, आईचे हात)

सुती तुकडे आधी धुऊन, इस्त्री करून घ्यायचे, नाहीतर नंतर आटतात आणि लाल रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. पाव इंच शिलाई ठेवून तुकडा तुकड्याला जोडत चौकोन करायचा. मध्ये जुन्या सुती टॉवेलचे दोन थर, खाली अस्तर. थरांमध्ये हवा अडकून राहते, चटका अडवते ती हवाच. म्हणून दोरा फार ओढायचा नाही, टाके फार दाट घालायचे नाहीत, गोधडी दाबली गेली की हवा निघून जाते. टाके मधून सुरू करून कडेकडे न्यायचे म्हणजे चुण्या पडत नाहीत, आई हे सांगत नाही, फक्त करते, आम्ही तीन गोधड्या होईपर्यंत शूट करत राहिलो तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं. कडेला उरेब पट्टी, म्हणजे कापड तिरकं कापून काढलेली, ती ताणते म्हणून कोपऱ्यावर नीट वळते. आणि कोपऱ्यात टांगायला फास.

तो फास निळा आहे, बघितलात? युनिफॉर्मचाच तुकडा. फासाला भांडं लागत नाही, तिथे टेरिकॉट चालतं.

एक गोष्ट आई दोनदा सांगते, गोधडी ओली असेल तर तिनं गरम भांड्याला हात लावू नको. पाण्यातून उष्णता लगेच हातापर्यंत येते, ओल्या फडक्यानं भाजतं ते त्यामुळेच.

टेलरांचं उरलेलं कतरण गावाबाहेर जाळतात, त्यात सिंथेटिकही असतं आणि त्याचा धूर वस्तीत येतो, ते आम्हाला शूट करता आलं नाही.

(दृश्य: कडुनिंबाला बांधलेला झोका, मग अमळनेर स्टेशन)

अखाजी झाली, झोके सुटले. सुरतेची गाडी प्लॅटफॉर्मला लागतेय. पिशवीत सांजोऱ्यांचा डबा, कैऱ्या, आणि सगळ्यात वर दोन छोट्या गोधड्या. आईनं पिशवीची चेन लावली, परत उघडली, निळा फास आत सारला, परत लावली.

(इथून निवेदन नाही. गाडीचा आवाज तसाच ठेवायचा. शेवटचं दृश्य सुरतेच्या खोलीतलं, गॅसच्या बाजूला खिळा, खिळ्याला निळा फास.)